वाचकाचा अभिप्राय नव्हे, वाचकाचा अधिकार

विद्यापीठात मूल्यांकन समिती यावयाची झाली की ग्रंथालयाला जाग येते. फरशा धुतल्या जातात, बंद पडलेल्या दिव्यांच्या जागी नवे दिवे येतात आणि वाचकांपुढे एक प्रश्नावली ठेवली जाते. कधी कागदावर, कधी संगणकावर. ग्रंथालयाची वेळ सोयीची आहे काय? हवी ती पुस्तके मिळतात काय? कर्मचाऱ्यांची वागणूक कशी आहे? प्रत्येक प्रश्नापुढे ‘उत्तम’, ‘चांगले’, ‘समाधानकारक’, ‘असमाधानकारक’ अशा चार चौकटी. विद्यार्थी खुणा करतात, टक्केवारी निघते, टक्केवारीचा रंगीत आलेख अहवालाला जोडला जातो. समिती येते, पाहणी करते, चहा घेऊन जाते. दिवे पुन्हा बंद पडतात. ज्याने ‘असमाधानकारक’ या चौकटीत खूण केली तो पदवी घेऊन बाहेर पडतो. त्याने मागितलेले पुस्तक त्याच्यामागून दोन-तीन वर्षांनी आले तर आले.

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, जिला सर्वजण ‘नॅक’ या नावाने ओळखतात, १९९४ साली स्थापन झाली. तिच्या सात निकषांपैकी चौथा निकष पायाभूत सुविधा व अध्ययनसाधने यांचा होता आणि ग्रंथालय त्यातच मोडे. २०१७ च्या सुधारित चौकटीत विद्यार्थ्यांच्या समाधानाचे सर्वेक्षणही घालण्यात आले. वाचकाला विचारावे, हे तत्त्व चांगलेच आहे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न विचारून झाल्यानंतरचा आहे. ज्या उत्तराने अंदाजपत्रकातील एक रुपया इकडचा तिकडे होत नाही, एक रिक्त पद भरले जात नाही, वाचनकक्षाचे दार अर्धा तासही अधिक उघडे राहत नाही, त्या उत्तराला अभिप्राय म्हणावयाचे की कवाईत? विद्यापीठांच्या ग्रंथालयांची सेवा सुधारावयाची असेल, तर वाचकाला मत नोंदविण्याची मुभा देऊन भागणार नाही. त्याला निर्णयात वाटा द्यावा लागेल.

गिऱ्हाईक की वाचक?

या चौकटी कोठून आल्या हे पाहणे उद्बोधक आहे. १९८८ साली अमेरिकेतील तीन विपणनतज्ज्ञांनी सेवेची गुणवत्ता मोजण्याची एक पद्धत मांडली. बँका, क्रेडिट कार्ड, यंत्रदुरुस्ती, दूर पल्ल्याचे टेलिफोन अशा धंद्यांतील गिऱ्हाइकांची अपेक्षा आणि त्यांना आलेला अनुभव यांतील अंतर तिच्या साहाय्याने मोजावयाचे होते. याच पायावर २००० सालापासून तेथील संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने व टेक्सासमधील ए अँड एम विद्यापीठाने ग्रंथालयांसाठी ‘लिबक्वाल’ नावाची प्रश्नावली उभी केली. तीत वाचक प्रत्येक बाबीला तीन प्रकारचे गुण देतो: किमान किती सेवा चालेल, किती हवी, आणि प्रत्यक्षात किती मिळते. आपल्याकडील चार चौकटींपेक्षा ही रीत पुष्कळच प्रामाणिक म्हटली पाहिजे; कारण ‘समाधानकारक’ या गुळगुळीत शब्दाआड तीत उणीव दडविता येत नाही. परंतु तिच्या मुळाशी एक गृहीत आहे आणि ते बाजारातले आहे. गिऱ्हाईक नाराज झाले तर दुसऱ्या दुकानात जाईल, या भीतीने दुकानदार सुधारतो, हे ते गृहीत होय.

सरकारी विद्यापीठातील विद्यार्थ्याने कोणत्या दुकानात जावयाचे? अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाची फोड केली आहे. एखादी संस्था ढासळू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात: ती सोडून जाणे, किंवा तेथेच राहून आवाज उठविणे. नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण त्याने दिले. मालमोटारींची स्पर्धा आल्यावर रेल्वेने सुधारावयास हवे होते, घडले उलटेच. रेल्वेच्या ढिलाईने ज्यांचे सर्वांत अधिक नुकसान होत होते आणि जे सर्वांत मोठ्याने ओरडले असते, तेच आधी मालमोटारींकडे निघून गेले. रेल्वेच्या पाठीशी सरकारी तिजोरी असल्यामुळे गेलेल्या गिऱ्हाइकांची झळ तिला बसली नाही आणि ओरडणारेही उरले नाहीत.

आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत हेच घडत आहे. ज्यांना परवडते ते विद्यार्थी पुस्तके विकत घेतात, घरी स्वतंत्र खोलीत अभ्यास करतात किंवा खाजगी विद्यापीठांत जातात. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठीही बाजाराने एक पळवाट काढून ठेवली आहे. पुण्याच्या पेठांत गल्लोगल्ली खाजगी अभ्यासिका उभ्या आहेत. तेथे पुस्तक मिळत नाही. मिळते ती खुर्ची, दिवा, पंखा आणि शांतता, आणि तीही दरमहा भाड्याने. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुले गावाकडील सोयाबीनच्या आणि कपाशीच्या पैशांतून हे भाडे भरतात. बसावयास जागा आणि वाचावयास उजेड ही ग्रंथालयाची अगदी प्राथमिक सेवा. तीच आज विक्रीची वस्तू झाली आहे. प्रत्येक अभ्यासिका ही सार्वजनिक ग्रंथालयाविरुद्धची एक न लिहिलेली तक्रार आहे; परंतु ती कोणत्याही सर्वेक्षणात नोंदली जात नाही, कारण तक्रारदार आधीच निघून गेलेला असतो. उरलेल्यांच्या सरासरीवरून ‘समाधान’ सिद्ध करणे म्हणजे हिर्शमनच्या रेल्वेने उरलेल्या उतारूंना विचारून स्वतःची पाठ थोपटून घेण्यासारखे आहे.

रंगनाथनांची कसोटी

वास्तविक ग्रंथालय कसे तपासावे याची कसोटी परदेशातून आणण्याची गरज नव्हती. शियाली रामामृत रंगनाथन हे गणिताचे अध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. पुस्तक हे जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असते. कोणत्याही वाचकाला त्याचे पुस्तक मिळालेच पाहिजे. कोणतेही पुस्तक वाचकावाचून पडून राहता कामा नये. वाचकाचा वेळ वाया जाऊ देऊ नये. आणि ग्रंथालय ही सतत वाढणारी सजीव संस्था आहे, असा त्यांचा आशय. या सूत्रांत वाचकाच्या समाधानाचा उल्लेखही नाही. त्यांत ग्रंथालयाचे कर्तव्य सांगितले आहे. आणि जेथे एकाचे कर्तव्य असते तेथे दुसऱ्याचा हक्क असतो.

पहिलेच सूत्र घ्यावे. मध्ययुगीन युरोपात पुस्तके साखळीने फळ्यांना बांधलेली असत. आपल्याकडे साखळी नाही, कुलूप आहे. अनेक ग्रंथालयांत आजही विद्यार्थ्याला ग्रंथभांडारात पाऊल टाकता येत नाही. त्याने चिठ्ठी लिहावयाची, परिचराने आत जावयाचे आणि थोड्या वेळाने ‘जागेवर नाही’ असे सांगत परत यावयाचे. रंगनाथनांनी मद्रासला कपाटे वाचकांना खुली केली, त्याला शंभर वर्षे होत आली. कुलपाचे समर्थन करताना पुस्तके गहाळ होण्याची भीती पुढे केली जाते, आणि लेखापरीक्षणात तोटा ग्रंथपालाच्या माथी बसेल ही धास्ती त्यामागे असते. परंतु केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनीच असे मान्य केले आहे की, वापरात आलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच पुस्तके गहाळ होणे वाजवी समजावे. अप्रामाणिकपणा वा हलगर्जी नसावी, आणि हजार रुपयांहून अधिक किमतीच्या वा दुर्मिळ पुस्तकाची मात्र चौकशी व्हावी. सरकारच्या तिजोरीचे रक्षण करणाऱ्या नियमांना जे समजते ते विद्यापीठांच्या कार्यालयांना समजू नये, याचे नवल वाटते. पाच पुस्तकांच्या भीतीने उरलेली नऊशे पंचाण्णव कुलपात ठेवावयाची, हे काटकसरीचे लक्षण नव्हे.

चौथे सूत्र वेळेचे आहे, आणि त्यात वर्गाचा प्रश्न सरळ दडलेला आहे. वसतिगृहात राहणाऱ्याला ग्रंथालय सहाला बंद झाले काय आणि आठला झाले काय, तो सकाळी पुन्हा येऊ शकतो. जो दिवसा कामावर जातो, जी मुलगी तालुक्याहून एस. टी.ने येते आणि शेवटच्या गाडीने परतते, त्यांच्या दृष्टीने चिठ्ठीच्या खिडकीपुढे गेलेला पाऊण तास हा त्या दिवसाचा सगळा अभ्यास असतो. गरिबाचा वेळ फुकट असतो असे मानणारी व्यवस्थाच त्याला रांगेत उभे करते.

पैसा कोठे जातो?

सुधारणेची मागणी झाली की कार्यालयाचे उत्तर ठरलेले असते: निधी नाही. हे उत्तर अर्धेच खरे आहे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्येच असे सुचविले होते की, विद्यापीठाने आपल्या अंदाजपत्रकाचा सुमारे सव्वासहा टक्के भाग, अथवा दर विद्यार्थ्यामागे चाळीस रुपये, ग्रंथालयावर खर्च करावेत. आणि हे चाळीस रुपये त्या वेळचे होते. आपल्या विद्यापीठाचे अंदाजपत्रक काढून त्यात ग्रंथालयाचा वाटा किती आहे, हे कोणत्याही कार्यकर्त्याला तपासता येईल. सिनेटमध्ये हा एक प्रश्न दरवर्षी विचारला गेला तरी पुष्कळ गोष्टी उघड होतील. निधी किती हा एक प्रश्न आणि तो केव्हा येतो हा दुसरा. अनुदान मार्चअखेर हाती पडले की घाईघाईने खरेदी होते. अशा वेळी वाचकाची मागणी नोंदवही कोणी उघडून पाहत नाही. विक्रेत्याकडे जे तयार असेल आणि ज्यावर सूट अधिक असेल ते घेतले जाते. मग एका पाठ्यपुस्तकाच्या दोन प्रतींसाठी दीडशे मुले ताटकळतात आणि शेजारच्याच कपाटात कोणी न मागितलेले ग्रंथ कोऱ्या पानांनिशी उभे असतात. रंगनाथनांचे दुसरे व तिसरे सूत्र एकाच मार्चमध्ये मोडले जाते.

याउलट जेथे सरकारची इच्छा असते तेथे पैसा निघतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके. सुमारे ६,३०० शासकीय संस्था आणि १ कोटी ८० लाखांच्या आसपास विद्यार्थी, अध्यापक व संशोधक. लहान गावातील शासकीय महाविद्यालयालाही जगातील संशोधनपत्रिका खुल्या व्हाव्यात, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु भागाकार करून पाहावा. माणशी वर्षाला सुमारे अकराशे रुपये होतात, आणि ते मुख्यतः बड्या प्रकाशनसंस्थांकडे जातात. सार्वजनिक पैशावर संशोधन होते, अध्यापक ते विनामूल्य लिहून देतात, दुसरे अध्यापक ते विनामूल्य तपासून देतात, आणि तेच संशोधन सरकार पुन्हा विकत घेते. शिवाय मंजुरीच्या वेळी योजनेची व्याप्ती केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांपुरती ठेवली होती. महाराष्ट्रात उच्च शिक्षणाचा मोठा भार खाजगी व्यवस्थापनाची महाविद्यालये वाहतात, हे ध्यानात घेतले म्हणजे उरलेली पोकळी केवढी आहे ते कळते. आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला हवे असलेले मराठीतील पाठ्यपुस्तक, बसावयाची खुर्ची आणि ते पुस्तक काढून देणारा माणूस, यांपैकी काहीही या वर्गणीत येत नाही.

प्रकाशकांच्या हक्कापुढे वाचकाचा हक्क उभा राहू शकतो, हे दिल्लीत सिद्ध झालेले आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका छायाप्रतींच्या दुकानावर व विद्यापीठावर दावा लावला. अभ्यासक्रमातील उतारे एकत्र करून मुलांना स्वस्तात दिले, हा गुन्हा. विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी संघटित होऊन या दाव्यात आपली बाजू मांडली. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने शिक्षणासाठी अशा प्रती काढण्याचे तत्त्व उचलून धरले. आणि मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. येथे विद्यार्थ्यांनी चौकटीत खूण केली नव्हती. ते पक्षकार झाले होते.

ज्यांना कोणी विचारत नाही

सर्वेक्षणाचा आणखी एक दोष असा की, ते आत आलेल्यांनाच विचारते. ज्यांना दारातच अडविले जाते त्यांचे काय? अलिगढ मुस्लिम विद्यापीठात २०१४ साली महिला महाविद्यालयाच्या पदवीपूर्व विद्यार्थिनींनी मध्यवर्ती ग्रंथालयात प्रवेश मागितला, तेव्हा जागेची टंचाई पुढे करण्यात आली, आणि मुली आल्या तर मुलांची गर्दी कितीतरी पट वाढेल, असेही कुलगुरू म्हणाले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर दार उघडले. काशी हिंदू विद्यापीठात २०१६ साली संगणकीय ग्रंथालय रात्रभर खुले ठेवावे, म्हणून विद्यार्थी उपोषणास बसले. त्या अभिप्रायाचे उत्तर म्हणून त्यांच्या हाती निलंबनाचे आदेश पडले. अंध वाचकांसाठी पुस्तके सुलभ स्वरूपात करून देण्याची मुभा देणाऱ्या माराकेश करारास २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारे राष्ट्र भारत होय. परंतु किती विद्यापीठीय ग्रंथालयांत अंध विद्यार्थ्याला त्याच्या अभ्यासक्रमातील मराठी पुस्तक ऐकावयास मिळते? छापील प्रश्नावली तर त्याला वाचताही येत नाही.

आक्षेप आणि उत्तर

काही ग्रंथपाल म्हणतात, मुलांना विचारून काय उपयोग? त्यांना गाईड हवीत, खुर्च्या हव्यात, ग्रंथ नकोत. यात तथ्य नाही असे नाही. वाचकाला जे ठाऊकच नाही ते तो मागू शकत नाही, आणि चांगला ग्रंथपाल मागणीच्या पुढे दोन पावले असावा लागतो. परंतु ज्याला मूळ ग्रंथाची प्रत वेळेवर मिळत नाही तो परीक्षेच्या तोंडावर गाईडकडेच वळणार. आणि खुर्चीची मागणी क्षुल्लक मानणाऱ्यांनी दहा-बाय-दहाच्या खोलीत पाच माणसांच्या कुटुंबात अभ्यास करून पाहावा.

दुसरा आक्षेप कर्मचाऱ्यांचा आहे आणि तो अधिक गंभीरपणे घेतला पाहिजे. ‘कर्मचाऱ्यांची वागणूक कशी आहे?’ हा प्रश्न प्रत्येक प्रश्नावलीत असतो. ‘कर्मचारी आहेत काय?’ हा कोठेच नसतो. ग्रंथपालाचे पद वर्षानुवर्षे प्रभारी, परिचर निवृत्त झाला की जागा रिकामी, आणि जे आहेत ते कंत्राटदाराच्या हजेरीपटावर. चौघांचे काम एकटा करणारा कंत्राटी परिचर खिडकीवर त्रासिकपणे बोलला की नाराजीची खूण त्याच्या नावावर पडते. ज्याने पदभरती थांबविली त्याच्या नावापुढे चौकटच नसते. वाचकाच्या अभिप्रायाचे हत्यार करून दुबळ्या कामगाराला झोडपण्याची ही युक्ती कार्यकर्त्यांनी ओळखली पाहिजे. वाचक आणि ग्रंथालय कर्मचारी यांचे हितसंबंध परस्परविरोधी नाहीत. दोघांची गाऱ्हाणी एकाच दारी जातात.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानंतर ग्रंथालयांच्या पाट्यांवर ‘ज्ञानस्रोत केंद्र’ अशी नावे आली. नावाने कोणाचे पोट भरत नाही. करावयाचे ते असे आहे. ग्रंथालय समितीत निम्म्या जागा विद्यार्थ्यांनी व संशोधकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींना आणि कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीला द्याव्यात. प्रत्येक मागणी व तक्रार क्रमांक घालून दर्शनी फलकावर लावावी आणि तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे. नकार द्यावयाचा तर कारण लिहून द्यावे. खरेदीच्या रकमेचा ठराविक हिस्सा वाचकांच्या मागणी नोंदवहीवरून, आणि तोही मार्चपूर्वी, खर्च व्हावा. अभ्यासक्रमातील पुस्तकांच्या प्रती विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात असाव्यात. कपाटे खुली करावीत आणि वाजवी तुटीची तरतूद लेखी मान्य करावी. वाचनकक्ष रात्री उशिरापर्यंत, मुलींसह सर्वांना, खुला असावा. आणि हे सर्व ज्यांच्या श्रमावर चालावयाचे त्यांची पदे कायमस्वरूपी भरावीत. यांपैकी निम्म्या गोष्टींना पैसा लागत नाही. लागते ती विद्यापीठाच्या कारभाऱ्यांनी अधिकार वाटून घेण्याची तयारी.

ती तयारी आपण होऊन होत नसते. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली माणसे चालत तळ्यावर गेली तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला, आणि त्याची किंमतही त्यांना मार खाऊन मोजावी लागली. तळे आणि ग्रंथालय यांची तुलना सर्वांशाने होणार नाही. परंतु सार्वजनिक म्हणून जे बांधले आहे ते सार्वजनिकांच्या हाती आपोआप येत नाही, हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू आहे. यंदा मूल्यांकनाची प्रश्नावली हाती पडेल तेव्हा कार्यकर्त्यांनी ती जरूर भरावी. मात्र तिची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, तिच्यातील मागण्या घेऊन वाचकांची व कर्मचाऱ्यांची संयुक्त सभा ग्रंथालयाच्या दारात भरवावी, आणि पुढच्या वर्षी तीच प्रत घेऊन पुन्हा त्याच दारात उभे राहावे.